छप्पन मिनिटांची गाडी: स्वित्झर्लंडच्या ‘बान २०००’चं प्रकरण

सकाळी ७ वाजून ५८ मिनिटांनी झुरिचहून आलेली इंटरसिटी बर्नच्या फलाटाला लागते. बाझेलची गाडीही त्याच सुमारास आलेली असते. लोक उतरतात, समोरच्या किंवा दोन फलाट पलीकडच्या गाडीत चढतात, आणि आठ वाजून गेल्यावर चार-पाच दिशांच्या गाड्या एकामागून एक बाहेर पडतात. झुरिचकडे जाणारी ८ वाजून २ मिनिटांनी सुटते. सव्वाआठला तिथे शुकशुकाट असतो आणि साडेआठला तीच गर्दी पुन्हा उसळते. दर तासाला, दिवसभर, रविवारीसुद्धा.

‘बान २०००’ (‘रेल्वे २०००’) या योजनेतून हे दृश्य घडवायला स्वित्झर्लंडला साधारण ६ अब्ज फ्रँक आणि बावीस वर्षं लागली. एवढ्या पैशात अतिवेगवान म्हणावी अशी एकही गाडी आली नाही. ताशी २०० किलोमीटरच्या वर तिथे काही धावत नव्हतं, आणि ते ठरवून केलेलं होतं.

मूळ पेच

बर्न आणि झुरिच मोटरवेने जोडले गेले आणि रेल्वेचा प्रवासी मोटारीत जाऊन बसू लागला. १९७७च्या राष्ट्रीय वाहतूक आराखड्यात त्यावर सरळ उपाय सुचवला होता: लोझान–बर्न–झुरिच–झांक्ट गालेन असा पूर्व-पश्चिम आणि बाझेलहून ओल्टेनमार्गे बर्नला येणारा उत्तर-दक्षिण, असे दोन नवे वेगवान मार्ग. १९८१ साली शेजारच्या फ्रान्समध्ये पॅरिस–ल्यों मार्गावर टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी सुरू झाली, तेव्हा तर हाच रस्ता बरोबर असं वाटण्याजोगी परिस्थिती होती.

तो आराखडा मार्गी लागला नाही. तिथे २६ कँटन म्हणजे राज्यं आहेत, आणि संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध शंभर दिवसांत ५० हजार सह्या जमल्या की तो लोकांच्या मतदानाला टाकावा लागतो. नवा मार्ग मैदानी पट्ट्यातल्या मोठ्या शहरांना जोडणार आणि बिल सगळे भरणार, असं चित्र होतं. बील शहराच्या किंवा जुरा डोंगराच्या पायथ्याच्या माणसाने त्याला होकार का द्यावा? शिवाय देश एवढासा. बर्न ते झुरिच रेल्वेने जेमतेम १२० किलोमीटर. एवढ्या अंतरात ३०० चा वेग गाठेपर्यंत ब्रेक लावायची वेळ येते.

दुसरा विचार रेल्वेच्या आतूनच आला होता. १९७०च्या सुमारास सॅम्युएल श्टेली, हान्स माइनर आणि जाँ-पिएर बेर्तुझो हे तरुण अभियंते कामाच्या वेळेबाहेर जमून वेगळंच वेळापत्रक मांडत बसत. त्यांच्या टोळक्याला नाव पडलं ‘स्पिनरक्लुब’, म्हणजे चक्रम लोकांचं मंडळ. १९७२ साली त्यांनी देशभराचं ठेक्याचं वेळापत्रक मांडलं: प्रत्येक मार्गावर दर तासाला गाडी, आणि ती नेहमी त्याच मिनिटाला. नेदरलँड्सने १९७०मध्ये असा प्रयोग केलेला होता. स्वित्झर्लंडमध्ये तो २३ मे १९८२ रोजी लागू झाला. नवे रूळ न टाकता, होत्या त्याच गाड्या घड्याळात नीट बसवल्या.

आणि मग रुळांची खरी उणीव कुठे आहे ते दिसू लागलं.

साठ मिनिटांचा हिशोब

हा हिशोब नीट समजून घेतला तर बाकीचं प्रकरण आपोआप उलगडतं.

समजा एका मार्गावर दर तासाला दोन्ही दिशांनी गाडी आहे. दोन्हींचा धावण्याचा वेळ सारखा असेल, तर समोरासमोरच्या गाड्या दर तीस मिनिटांनी एकमेकींना भेटतातच. हे गणितातून येतं, त्यात नियोजकाच्या हातात काही नाही. भेट घड्याळात कुठे पडावी एवढंच त्याच्या हातात असतं. स्वित्झर्लंडने सगळ्या देशासाठी ती तासाच्या ठोक्याला धरली. म्हणूनच बर्नहून झुरिचला जाणारी गाडी २ मिनिटांनी सुटते आणि झुरिचहून येणारी ५८ ला पोचते, बेरीज ६०. कुठल्याही स्विस स्थानकात एखाद्या मार्गाची येण्याची आणि जाण्याची मिनिटं मिळवून पाहावीत, बेरीज ६० च्या आसपासच येते.

मोठ्या स्थानकात सगळ्या दिशांच्या गाड्या ठोक्याच्या थोड्या आधी येतात आणि थोड्या नंतर सुटतात, तेव्हा कुणालाही कुठूनही कुठेही गाडी बदलता येते. याला जर्मनमध्ये क्नोटन म्हणतात, म्हणजे गाठ. आता दोन स्थानकं शेजारी-शेजारी गाठी व्हायच्या असतील, तर त्यांच्यामधला वेळ अर्ध्या तासाच्या पटीत हवा: ३०, ६०, ९०. प्रत्यक्ष धाव त्याहून तीन-चार मिनिटं कमी लागते, कारण उतरायला, चालायला आणि चढायला वेळ द्यावा लागतो. साठच्या कप्प्यात म्हणून ५६ मिनिटांची धाव बसते, ६३ ची बसत नाही. आणि ६३ लागली तर प्रवाशाचं नुकसान सात मिनिटांचं होत नाही. त्याची पुढची गाडी सुटलेली असते, पुढच्या ठेक्यापर्यंत तो अर्धा तास फलाटावर उभा राहतो.

आणखी एक अट आहे, ती नवख्या नियोजकाला हमखास चकवते. जाळ्यातला कुठलाही बंद फेरा घ्या, जसा झुरिच–बर्न–बाझेल–झुरिच. त्यातल्या सगळ्या वेळांची बेरीज पूर्ण तासांत यायला हवी: ६० अधिक ६० अधिक ६०, तीन तास, फेरा जुळला. एक बाजू ७५ झाली की फेऱ्यातल्या एका तरी स्थानकाची गाठ सुटते. म्हणून एखाद्या मार्गाचा सुटा अभ्यास करून ‘इथे दहा मिनिटं वाचवू’ असं ठरवता येत नाही. ती दहा मिनिटं कुठल्या फेऱ्यात पडतात ते आधी पाहावं लागतं.

१९८० च्या दशकात बर्न–झुरिचला साधारण ७० मिनिटं लागत. साठच्या कप्प्यात बसायला चौदा मिनिटं कमी करायची होती. त्याहून फार कमी पुरलं नसतं, आणि जास्तीचं मिनिट फुकट गेलं असतं. जर्मन भाषेत त्यांनी जे बोधवाक्य केलं त्याचा अर्थ असा: शक्य तितकं वेगवान नाही, गरजेपुरतं वेगवान.

हे आकड्यात पाहू. नवा मार्ग ४५ किलोमीटरचा ठरला. ताशी १६० ने तो कापायला १७ मिनिटं लागतात, २०० ने साडेतेरा, ३०० ने ९. म्हणजे ३०० च्या गाडीने आणखी साडेचार मिनिटं वाचली असती आणि ती झुरिचच्या फलाटावर उभं राहण्यात गेली असती. त्यासाठी हवेचा रोध मात्र सव्वादोन पट झाला असता, वळणं अधिक सैल घ्यावी लागली असती आणि बोगद्यांचा व्यास वाढला असता.

छोट्या मार्गांवर हाच हिशोब वेगळ्या रूपात उपयोगी पडतो. एकेरी मार्गावर लूप, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायला बाजूचा रूळ, कुठे बांधायचा? कोकण रेल्वेने जाणाऱ्याला क्रॉसिंगसाठी आडबाजूच्या स्थानकात थांबलेली गाडी काही नवी नाही. ठेक्याच्या वेळापत्रकात गाड्या नेमक्या कुठे भेटणार ते आधीच ठाऊक असतं. तासाचा ठेका आणि सरासरी ताशी ४८ किलोमीटर वेग असेल तर दर २४ किलोमीटरवर, अर्ध्या तासाचा ठेका असेल तर दर १२ वर. तेवढ्याच जागी लूप बांधायचे, तेही लांब आणि वेगाने आत शिरता येईल असे. मधल्या सगळ्या स्थानकांत दुसरा रूळ टाकण्याचा खर्च वाचतो. धोका असा की वेळापत्रक उद्या बदललं तर ते लूप चुकीच्या जागी ठरतात. काँक्रीट आणि वेळापत्रक एकदा असे बांधले गेले की सुटे करता येत नाहीत.

मतदान, आणि फुगलेलं बिल

‘बान २०००’ हे नाव १९८५ पासून चर्चेत आलं. चार नवे तुकडे प्रस्तावित होते: पश्चिमेला वोदरेन ते विलार-सुर-ग्लान, मध्ये माट्स्टेटन ते रोथ्रिस्ट, उत्तरेला ओल्टेन ते मुटेन्झ आणि पूर्वेला झुरिच विमानतळ ते विंटरथुर. अंदाजे खर्च ५.४ अब्ज फ्रँक. मधला तुकडा ज्या शेतजमिनीतून जाणार होता तिथून जोरदार विरोध झाला, सह्या जमल्या आणि ६ डिसेंबर १९८७ रोजी मतदान झालं. ५७ टक्क्यांनी होकार दिला. जुन्या आराखड्याला जे जमलं नव्हतं ते याला जमलं, कारण यात प्रत्येक कँटनच्या वाट्याला काहीतरी आलेलं होतं: कुणाला नवा मार्ग, कुणाला दुसरा रूळ, कुणाला तासाला निश्चित जोडगाडी.

मंजुरी मिळाल्यावर खरं संकट आलं. तपशिलात आराखडे काढायला घेतले तेव्हा १९९० च्या सुमारास आकडा १६ अब्जांवर गेला. अशा वेळी दोन गोष्टी नेहमी होतात: एक तर पैसा ओतत राहायचं, नाहीतर प्रत्येक कामाचे हात-पाय कापून सगळीच अर्धवट करायची. इथे दोन्ही टाळलं गेलं, आणि माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात शिकण्याजोगा भाग हाच आहे. वेळापत्रक तसंच ठेवून एकेका मिनिटाची किंमत काढली गेली. हे मिनिट रुळाने मिळवायचं, डब्याने की सिग्नलने? यातलं स्वस्त कोणतं?

उत्तरं बरीचशी डब्यांनी दिली. जुरा पायथ्याचा वळणावळणाचा मार्ग सरळ करण्याऐवजी वळणावर आत झुकणाऱ्या आयसीएन गाड्या घेतल्या. आठ अंशांपर्यंत कलणाऱ्या या गाड्या २००० सालापासून धावू लागल्या. फलाट लांबवण्याऐवजी दुमजली इंटरसिटी डबे आले. चारांपैकी एकच तुकडा पूर्ण बांधायचा ठरला, माट्स्टेटन–रोथ्रिस्ट. मुटेन्झच्या बाजूला पाच किलोमीटरचा अॅडलर बोगदा झाला, झुरिच–थालविल हा नऊ किलोमीटरचा बोगदाही झाला. बाकीची कामं लहान-लहान: इथे उड्डाणमार्ग, तिथे तिसरा रूळ. एकूण साधारण १३० कामं. पहिल्या टप्प्याची तरतूद ७.४ अब्ज होती, हिशोब ५.९ वर मिटला. रेल्वेचं मोठं काम तरतुदीच्या खाली संपणं तसं दुर्मीळच.

कापलेल्यांत वोदरेन–विलार होता. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

पंचेचाळीस किलोमीटर

माट्स्टेटन–रोथ्रिस्ट मार्ग बराचसा ए१ मोटरवेला चिकटून जातो, म्हणजे शेतं एकदाच तुटली. वांझविलजवळ सोलोथुर्नकडून येणारा फाटा त्याला मिळतो. तिथली जुनी लहान लाइन सुधारून वापरात घेतली. या फाट्यामुळेच बील आणि सोलोथुर्नच्या गाड्याही नव्या रुळांवर येतात. मार्ग फक्त बर्न–झुरिचचा राहत नाही.

रूळ नेहमीच्याच गेजचे आणि बाकी जाळ्याला दोन्ही टोकांनी जोडलेले, त्यामुळे योग्य उपकरण असलेली कुठलीही गाडी, रात्री मालगाडीसुद्धा, तिथून जाऊ शकते. दिवसा मालगाडी घालणं अवघड, कारण ताशी १०० ची मालगाडी या तुकड्यावर २७ मिनिटं घेते आणि २०० ची प्रवासी गाडी साडेतेरा. मालगाडीच्या मागे जवळजवळ तेवढीच पोकळी ठेवावी लागते. म्हणून वेगवान गाड्या एकमेकींच्या पाठोपाठ घोळक्याने सोडायच्या आणि दोन घोळक्यांमधली जागा इतरांना द्यायची. गाठीच्या वेळापत्रकात घोळका आपोआपच तयार होतो, सगळ्यांना ठोक्याच्या आत पोचायचं असतं म्हणून.

पाठोपाठ म्हणजे दोन मिनिटांच्या अंतराने. २०० च्या वेगाला थांबायला दोन किलोमीटरच्या वर लागतात, आणि त्या वेगात रुळाकडेच्या सिग्नलवर चालकाने विसंबणं धोक्याचं. म्हणून इटीसीएस लेव्हल २ ही युरोपची गाडी-नियंत्रण प्रणाली निवडली. यात रुळांमध्ये बसवलेल्या बॅलिस नावाच्या खुणा गाडीला तिची जागा सांगतात, गाडी ती रेडिओवरून नियंत्रण केंद्राला कळवते, आणि पुढे किती अंतरापर्यंत कोणत्या वेगाने जायची मुभा आहे ते चालकाच्या पडद्यावर येतं. कडेला दिव्याचा सिग्नल लागतच नाही.

कागदावर सुरेख. ओल्टेन–ल्यूसर्न मार्गावर झोफिंगेन–झेम्पाख या तुकड्यावर २००२ पासून चाचणी घेतली, आणि रेडिओ, गाडीतला संगणक आणि केंद्र यांचं जुळवून आणायला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागतो हे तिथे कळलं. उद्घाटनाची तारीख तर हलवता येत नव्हती. सगळ्या देशाचं वेळापत्रक तिला टांगलेलं. मग नव्या मार्गावर नेहमीचे दिव्यांचे सिग्नलही बसवले आणि डिसेंबर २००४मध्ये तो १६० च्या वेगाने सुरू केला. तीनेक मिनिटं गेली, तरी धाव साठच्या कप्प्यात बसली. हे शक्य झालं कारण आराखड्यात शेवटच्या मिनिटापर्यंत ओढाताण केलेली नव्हती. २०० चा वेग तीन वर्षांनी, डिसेंबर २००७ मध्ये आला.

एका रात्रीत

१२ डिसेंबर २००४ ला जवळपास नव्वद टक्के गाड्यांच्या वेळा एका रात्रीत बदलल्या. झुरिच, बर्न आणि बाझेल या तिन्ही शहरांमधली प्रत्येक जोडी तासाच्या आत आली. रेल्वेबरोबर डोंगरातल्या पिवळ्या पोस्टबसही सरकल्या, कारण त्याही ठोक्याला बांधलेल्या आहेत.

चालवताना काय बिघडतं ते बरंचसं याच गाठींमुळे. धावण्याच्या वेळेत साधारण सात टक्के राखीव वेळ धरलेला असतो. त्यात किरकोळ उशीर जिरतो. तीन मिनिटांच्या आत पोचलेली गाडी वेळेवर धरतात. पण एखादी गाडी दहा मिनिटं उशिरा गाठीत आली तर जोडगाड्या थांबवायच्या का? थांबवल्या तर उशीर चहूबाजूंना पसरतो, म्हणून थांबण्याची मर्यादा थोडक्या मिनिटांची. त्यांच्या हाताबाहेरचा उशीर सीमेपलीकडून येतो. जर्मनीहून फार उशिरा आलेली गाडी बाझेललाच थांबवतात आणि तिथे उभी असलेली राखीव गाडी ठरल्या मिनिटाला पुढे काढतात. बर्नला बसलेल्याला पत्ताही लागत नाही, आणि हांबुर्गहून आलेला बॅगा ओढत गाडी बदलतो.

स्थानकांचं दुखणं वेगळं. गाठ म्हणजे एकाच वेळी सगळे फलाट लागणं, आणि पंधरा मिनिटांनी तेच फलाट ओस. झुरिचला टोकाच्या स्थानकात गाड्या उलट्या फिरवण्यात जागा जात होती, म्हणून २०१४ मध्ये जमिनीखाली लोवेनश्ट्रासे हे चार रुळांचं आरपार स्थानक उघडलं. त्याला जोडणाऱ्या बोगद्यांसह आणि पुलांसह खर्च सुमारे २ अब्ज फ्रँक.

सगळ्यात अनपेक्षित परिणाम विजेचा. देशभरातल्या गाड्या एकाच मिनिटाला सुटतात म्हणजे एकाच मिनिटाला जोर लावतात. तिथल्या रेल्वेची वीज वेगळी, १६.७ हर्ट्झची, मुख्यतः जलविद्युत केंद्रांतून येणारी. तिच्या मागणीला दर अर्ध्या तासाला उंच टोक येतं. त्यासाठी आणखी वीजकेंद्र बांधण्याऐवजी टोकाच्या क्षणी डब्यांचे हीटर आणि सांध्यांवरचा बर्फ वितळवणारे हीटर काही मिनिटं बंद करायची व्यवस्था केली. डबा पाच मिनिटांत थंड होत नाही. ही वीजव्यवस्था किती घट्ट विणलेली आहे ते २२ जून २००५ च्या संध्याकाळी दिसलं होतं. बांधकामासाठी दोन वाहिन्या बंद होत्या, उरलेली अतिभाराने बंद पडली, आल्प्सकडची वीज उत्तरेला पोचेना, आणि बघता बघता साऱ्या देशाची रेल्वे ठप्प झाली. गर्दीची वेळ, सुमारे २ लाख प्रवासी अडकले. उभ्या गाड्यांत उकाडा होता आणि खिडक्या उघडत नव्हत्या.

पुढचे पैसे १९९८ च्या मतदानाने ३०.५ अब्जांच्या निधीतून आले, ट्रकवरच्या करासह. त्यातूनच लोत्शबर्ग आणि गोटहार्ड हे आल्प्सखालचे बोगदे झाले. २०१६ मध्ये त्याची जागा कायमस्वरूपी निधीने घेतली.

कापलेला तुकडा परत येतो

आता वोदरेन–विलार. नव्वदच्या दशकातल्या कात्रीत हा तुकडा गेला म्हणून लोझान–बर्न ६६ मिनिटांवर अडकला. साठच्या कप्प्याच्या थोडासाच बाहेर, म्हणजे लोझानची गाठ बर्न-झुरिचच्या ठोक्याशी जुळेना. पुन्हा तीच युक्ती करायची ठरली: मिनिटं रुळाने नाही, डब्याने विकत घ्यायची. २०१० मध्ये बोम्बार्डिएर या गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडे १.९ अब्ज फ्रँकच्या ५९ दुमजली गाड्या नोंदवल्या. त्यांत एक नवं तंत्र होतं. वळणावर स्प्रिंगांमुळे डबा बाहेरच्या बाजूला झुकतो. हे यंत्र त्याला थोडासा आत ढकलून तो झुकाव खोडून काढणार. प्रवाशाला धक्का तेवढाच, वेग मात्र जास्त. ६६ वरून ६१ मिनिटं, एवढंच उद्दिष्ट.

आयसीएनमध्ये जे जमलं ते इथे का जमू नये? आयसीएन एकमजली आणि झुकण्यासाठीच घडवलेली. दुमजली डबा उंच, त्याचं वजन वर, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला प्रत्येक हालचाल अधिक जाणवते. शिवाय वळणावर वेग वाढवला की रुळांची झीजही वाढते. गाड्या ठरल्यापेक्षा वर्षानुवर्षं उशिरा, २०१८ मध्ये धावू लागल्या, आणि डबे हिंदकळतात ही तक्रार पहिल्या दिवसापासून. जुलै २०२२ मध्ये रेल्वेने जाहीर केलं की वळणावरच्या जादा वेगाचा नाद सोडला आहे. गाड्या तशाच धावतात, नेहमीच्या वेगाने.

यंत्र सोडून देणं सोपं होतं. पण २०३५ साठी आखलेलं वेळापत्रक हे तंत्र चालणार असं धरून रचलेलं होतं. संसदेने २०१९ मध्ये १२.८९ अब्ज फ्रँक मंजूर केले तेही त्याच वेळापत्रकाच्या आधारावर. लोझान आणि झांक्ट गालेनकडच्या फेऱ्यांचा हिशोब पुन्हा मांडायला घ्यावा लागला. आयसीएनसारख्या गाड्या पुन्हा घ्यायच्या तर त्या एकमजली, म्हणजे आसनं कमी. वेग २०० च्या वर नेऊन उपयोग नाही, वळणं आड येतात. वेळापत्रकात दोन थांबे गाळले तर त्या गावांची जोड तुटते.

उरतो रूळ. सरळ, डोंगराखालून, फ्रिबुर्गच्या पश्चिमेला. १९८७ मध्ये ज्याला होकार मिळाला होता तो तुकडा साधारण त्याच पट्ट्यातला, आणि तिथे नव्या मार्गाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. दरम्यान बर्नहून लोझानला निघालेली गाडी तासाच्या आत काही पोचत नाही.